गुडघा बदलल्यानंतरची वीस वर्षे : घरी काळजी कशी घ्याल?

"वाटी बदलून आलो, डॉक्टर." आमच्या महाड-पोलादपूर भागात गुडघेरोपण झालेला माणूस असेच सांगतो. खरे तर वाटी बहुतेकांची स्वतःचीच राहते. काही सर्जन तिच्या आतल्या बाजूला प्लास्टिकची छोटी चकती बसवतात, एवढेच. बदलतो तो सांध्याचा झिजलेला पृष्ठभाग. मांडीच्या हाडाचे खालचे टोक तासून त्यावर धातूचे टोपण बसवतात, नडगीच्या हाडाच्या वरच्या टोकावर धातूची तबकडी, आणि दोहोंच्या मध्ये कठीण, गुळगुळीत प्लास्टिकचा थर. स्नायू, बाजूचे बंध, कातडी हे सगळे तुमचेच जुने.

हे आधी सांगण्याचे कारण असे, की धातूला आणि प्लास्टिकला नसा नसतात. जुना गुडघा तुम्हाला दुखून दुखून सांगत होता. नवा गुडघा सांगत नाही. प्लास्टिक झिजू लागले, त्याचे बारीक कण आजूबाजूच्या हाडात जाऊन हाड विरळ होऊ लागले, तरी सुरुवातीला काहीच जाणवत नाही. जाणवते तेव्हा इम्प्लांट सैल झालेले असते. म्हणून "दुखत नाही, म्हणजे आता दाखवायची गरज नाही" हा आपल्याकडचा नेहमीचा हिशोब इथे चुकतो.

मी हाडांचा सर्जन नाही, गावातला साधा फिजिशियन आहे. इथले बरेच रुग्ण मुंबई, नवी मुंबई किंवा पुण्याला मुलाकडे राहून ऑपरेशन करतात, दीड-दोन महिने फिजिओथेरपी घेतात आणि गावी परततात. टाके निघालेले असतात, काठी सुटलेली असते. सर्जन आता दीडशे-पावणेदोनशे किलोमीटरवर आणि गुडघा इथे. पुढची वर्षे कशी काढायची, हा या लेखाचा विषय आहे. पहिल्या सहा आठवड्यांच्या सूचना तुमच्या डिस्चार्ज कार्डावर असतील. त्या इथे पुन्हा सांगत नाही.

किती वर्षे टिकतो?

तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या डाव्या गुडघ्याचे ऑपरेशन ऑक्टोबर २००० मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात झाले आणि उजव्याचे जून २००१ मध्ये. न्यूयॉर्कहून डॉ. चित्तरंजन राणावत त्यासाठी आले होते. आधुनिक कृत्रिम गुडघ्याची रचना १९७० च्या दशकात ज्या मंडळींनी घडवली, त्यांच्यापैकी ते एक. त्या बातम्यांमुळे हे ऑपरेशन घराघरात बोलले जाऊ लागले. त्याच वेळी एक समजही पसरला, की गुडघा दहा-पंधरा वर्षेच टिकतो, म्हणून जितका उशिरा करता येईल तितका बरा.

हा समज आता जुना झाला. २०१९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ब्रिस्टल विद्यापीठाच्या संशोधकांनी अनेक वर्षांच्या नोंदी एकत्र करून आकडा मांडला : संपूर्ण गुडघेरोपणापैकी सुमारे ८२ टक्के गुडघे २५ वर्षांनंतरही टिकून होते. मात्र यातल्या मोठ्या नोंदी ऑस्ट्रेलिया आणि फिनलंडमधल्या आहेत. तिथे कोणी विळीवर बसून नारळ खवत नाही आणि जुलैत चिखलात उभे राहून भात लावत नाही. आकडा दिलासा देणारा आहे, पण तो आपल्या घरात जसाच्या तसा लागू होईल असे मी म्हणणार नाही.

वर्षभर चालणाऱ्या काही गोष्टी

टाक्यांच्या बाहेरच्या बाजूला कातडी बधिर वाटते. तिथली एक बारीक नस छेद देताना कापली जाते, त्यामुळे हा बधिरपणा कमी होत जातो, पण थोडा कायम राहू शकतो. चालताना 'टक्' असा आवाज येतो. धातू प्लास्टिकला टेकल्याचा तो आवाज आहे, दुखत नसेल तर काळजी नको. संध्याकाळी थोडी सूज आणि हाताला जाणवणारी ऊब सहा महिने, कधी वर्षभरही राहते, पण ती हळूहळू कमी होत गेली पाहिजे. कमी झालेली सूज किंवा ऊब पुन्हा वाढली, तर ती 'चालणारी गोष्ट' नव्हे.

आणखी एक गोष्ट जाहिरातीत नसते. पाचातला साधारण एक रुग्ण ऑपरेशन तांत्रिकदृष्ट्या चांगले होऊनही पूर्ण समाधानी नसतो. काही ना काही दुखणे राहते. तुम्ही त्यांच्यात असाल, तर "नशीब" म्हणून गप्प बसू नका आणि "तुझ्या मनाचे खेळ आहेत" हे घरच्यांचे बोलणेही मनावर घेऊ नका. कंबरेतून किंवा खुब्यातून येणारे दुखणे गुडघ्यात जाणवू शकते. इम्प्लांट सैल असू शकते, मंद जंतुसंसर्ग असू शकतो. तपासल्याशिवाय यातले काहीच कळत नाही.

मांडीचा स्नायू

ऑपरेशनच्या आधी कित्येक वर्षे दुखणाऱ्या पायावर तुम्ही भार देत नव्हता. त्यात मांडीचा पुढचा स्नायू सुकून गेला. सांधा बदलला म्हणून तो आपोआप परत येत नाही. फिजिओथेरपिस्ट येणे बंद झाले की व्यायाम बंद, असे मी दर दहातल्या सात-आठ घरांत पाहतो.

तीन व्यायाम पुरेसे आहेत, पण ते रोजचे. पलंगावर पाय लांब करून टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, गुडघा खाली दाबा, पाच आकडे मोजा, सोडा. खुर्चीत बसून पाय सरळ पुढे उचला आणि तसाच धरा. तिसरा, हात न टेकता खुर्चीतून उठा आणि सावकाश बसा. सुरुवातीला हाताचा आधार घेतला तरी चालेल. प्रत्येकी दहा-दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. झोपताना गुडघ्याखाली उशी घ्यायची सवय मात्र सोडा. त्याने बरे वाटते, पण गुडघा किंचित वाकलेल्या स्थितीत आखडत जातो. सगळे विचारतात, "किती वाकायला हवा?" तितकेच महत्त्वाचे आहे ते पूर्ण सरळ होणे. सरळ न होणारा पाय आखूड पडतो, माणूस लंगडतो आणि कंबर धरते.

वाकण्याचे म्हणाल तर सपाट चालायला साधारण ६५-७० अंश लागतात, जिने चढ-उतार करायला ९० च्या आसपास, खुर्चीतून सहज उठायला त्याहून थोडे जास्त. ११० ते १२० अंश मिळाले तर रोजचा दिवस नीट निघतो. उकिडवे बसायला यापेक्षा बरेच जास्त लागतात आणि तिथेच आपली अडचण सुरू होते.

जमीन, विळी आणि संडास

आपले घर जमिनीवर चालते. पाटावर जेवण, विळीवर भाजी, देवासमोर मांडी, परसदारी धुणे. ऑपरेशन झालेल्या बाईला "जमिनीवर बसू नका" एवढे सांगून डॉक्टर मोकळा होतो. तिने स्वयंपाक कसा करायचा हे कोणी सांगत नाही. घरच्यांनी करायची कामे ही आहेत : ओट्याच्या उंचीवर चाकू आणि पाट, नारळ खवायला टेबलाला घट्ट बसवता येणारी खवणी, देवघरापुढे खुर्ची, आणि संडासात कमोड किंवा निदान वर ठेवायची कमोड-खुर्ची व भिंतीला पक्का दांडा. यातले काही महाग नाही. लाखो रुपये ऑपरेशनला घालून दांड्याचे काम राहून जाते, याचे मला नेहमी नवल वाटते.

मांडी घालता येईल का, हे इम्प्लांटचा प्रकार, तुमचा बांधा आणि आधी किती वाकत होता यावर ठरते. काहींना जमते. जमले तरी सणासुदीला पाच मिनिटे आणि रोज दोन तास यात फरक आहे. जास्तीत जास्त वाकलेल्या स्थितीत प्लास्टिकच्या मागच्या कडेवर भार एकवटतो. उकिडवे बसणे सरळ बंद करावे, असे माझे मत.

गुडघे टेकणे मात्र बहुतेकांना वाटते तितके घातक नाही. जखम पूर्ण भरल्यावर, सर्जनची परवानगी घेऊन, मऊ उशीवर टेकता येतात. कातडी बधिर असल्याने विचित्र वाटते, एवढेच. हे शिकून ठेवाच. कारण कधी ना कधी माणूस जमिनीवर बसतो किंवा पडतो आणि एकट्याला उठता येत नाही. कुशीवर वळा, हात टेकून ओणवे व्हा, रांगत खुर्ची किंवा पलंगापर्यंत जा, त्यावर दोन्ही हात ठेवा, चांगला पाय पुढे रोवा आणि उठा. पलंगाशेजारी सतरंजी घालून, घरातले कोणी जवळ असताना, हे दोन-तीनदा करून पाहा.

चालणे, पायऱ्या, गड

चालणे हा गुडघ्याचा सर्वांत चांगला व्यायाम. आपल्याकडे चढ-उतार फार, म्हणून सपाट जागा शोधा. महाड शहरात चवदार तळ्याच्या बाजूला सकाळी गर्दी नसताना चालता येते. वाडीवर राहणाऱ्यांना डांबरी सडक बरी, पण वाहने सुरू होण्याआधी. तुकड्या-तुकड्यांनी अर्धा तास झाला तरी पुरे. पोहणे आणि सायकल चालते. धावणे, उड्या, डोक्यावर ओझे घेऊन उतार उतरणे टाळा.

उतरण्याबद्दल थोडे सविस्तर सांगतो. बर्लिनमधल्या संशोधकांनी काही रुग्णांच्या कृत्रिम गुडघ्यातच भार मोजणारी यंत्रणा बसवून मोजणी केली. सपाट चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीचपट भार येतो, जिना चढताना तीनपटीहून थोडा जास्त, आणि उतरताना साडेतीनपटीच्या जवळ. म्हणजे दम चढताना लागतो, पण गुडघ्याला जास्त सोसावे लागते ते उतरताना. याचाच दुसरा अर्थ असा, की पाच किलो वजन घटले तर उतरताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचे सतरा-अठरा किलो ओझे कमी होते.

२० मार्चला, १९२७ च्या सत्याग्रहाच्या स्मरणदिनी, चवदार तळ्यावर देशभरातून माणसे येतात. त्यांत गुडघे बदललेले वडीलधारेही असतात. "येऊ का, पायऱ्या उतरू का?" असे विचारणाऱ्यांना मी नाही म्हणत नाही. उन्हात तासन्‌तास रांगेत उभे राहू नका, पहाटे लवकर किंवा आदल्या दिवशी या, कोणाचा तरी हात धरा. आधार लागत असेल तोवर पायऱ्यांचा नियम सोपा आहे : चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. दोन्ही पायांची ऑपरेशने झाली असतील तर ज्यात जोर जास्त तो चांगला. ओल्या पायरीवर मात्र अजिबात नको.

रायगडाचेही तसेच. १९९६ पासून रोपवे आहे, त्याने वर जा आणि वर मनसोक्त फिरा. पायऱ्यांनी चढून जाणारे मला भेटले आहेत आणि त्यांचा अभिमान मला कळतो. उतरायला तरी रोपवे घ्या.

पावसाळा : सर्वांत जपायचा काळ

हा भाग घरच्या सगळ्यांनी वाचावा.

कृत्रिम गुडघ्याला जंतुसंसर्ग होण्याचे प्रमाण शंभरात एक-दोन इतके कमी आहे. पण तो फक्त ऑपरेशनच्या वेळीच होतो असे नाही. पाच किंवा दहा वर्षांनीही, शरीरात दुसरीकडे असलेले जंतू रक्तातून येऊन धातूवर ठाण मांडू शकतात. धातूला रक्तपुरवठा नसतो. जंतू तिथे चिकट थर तयार करून बसले की औषध त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही.

आमच्या भागात ही दुसरी जागा बहुतेकदा पाय असते. जून-जुलैत लावणीला चिखलात उभे राहून बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, टाचांच्या भेगांत माती जाते, नखुरडे होते, काटा मोडतो. मधुमेह असेल तर काही जाणवतही नाही. गुडघा बदललेल्या माणसाने शक्यतो लावणीला उतरू नये. उतरावेच लागले तर गमबूट घाला, घरी आल्यावर पाय साबणाने धुऊन बोटांच्या मधली जागा कोरडी करा आणि रात्री तळपाय उजेडात पाहा. स्वतःला वाकून दिसत नसेल तर नातवाला पाहायला सांगा. चिखल्यांवर बुरशीचे मलम वेळेवर लावा. पाय लाल होऊन सुजला तर त्याच दिवशी डॉक्टरकडे या.

दात किडलेले, लघवीला जळजळ, अंगावर गळू या गोष्टीही अंगावर काढू नका. ऑपरेशननंतरचे पहिले तीन महिने तातडीची नसलेली दातांची कामे पुढे ढकला. त्यानंतर दंतवैद्याला गुडघ्याबद्दल सांगा. प्रत्येकाला आधी अँटिबायोटिक घ्यावे लागत नाही. मधुमेह ताब्यात नसलेल्यांनी, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे घेणाऱ्यांनी आणि ज्यांच्या गुडघ्यात आधी संसर्ग झाला होता त्यांनी सर्जनला विचारून ठरवावे.

आता सर्वांत महत्त्वाचे. बरा असलेला गुडघा अचानक सुजला, गरम झाला, टेकवेना, सोबत ताप किंवा थंडी असली, किंवा जुन्या टाक्यांतून पाणी येऊ लागले, तर मेडिकलमधून अँटिबायोटिक आणून सुरू करू नका. कोणी डॉक्टरने लिहून दिले तरी त्याला आधी सांगा, "माझा गुडघा बदललेला आहे." दोन-चार गोळ्यांनी ताप उतरतो, सूज थोडी कमी होते आणि सगळ्यांना वाटते बरे झाले. प्रत्यक्षात जंतू आत तसेच असतात, आणि नंतर गुडघ्यातले पाणी काढून तपासले तर गोळ्यांमुळे कोणता जंतू ते कळत नाही. योग्य क्रम असा : त्याच दिवशी सर्जनला फोन, गुडघ्यातले पाणी निर्जंतुक जागी काढून तपासणीला, आणि मग औषध. पहिल्या काही दिवसांत कळले तर सांधा उघडून धुऊन, मधले प्लास्टिक बदलून इम्प्लांट वाचण्याची शक्यता असते. काही आठवडे गेले की बहुतेकदा पूर्ण इम्प्लांट काढावे लागते, महिनोन्‌महिने औषधे आणि मग दुसरे मोठे ऑपरेशन. रुग्ण ग्लानीत असेल, रक्तदाब उतरला असेल, धाप लागत असेल, तर मात्र कशाचीही वाट न पाहता थेट मोठे रुग्णालय गाठा.

पावसाळ्यात आपल्याकडे ताप पुष्कळ, लेप्टोचाही असतो. गुडघा शांत असेल तर तापाचे नेहमीसारखे उपचार करा. पण प्रत्येक तापात गुडघ्याला हात लावून दुसऱ्या गुडघ्याशी तुलना करा.

आणि बदललेल्या गुडघ्यात बाह्यरुग्ण विभागात कोणालाही सुई घालू देऊ नका. ना पाणी काढायला, ना "ताकदीचे" इंजेक्शन द्यायला. शेक, जोरदार मालीश, झाडपाल्याचे गरम लेप हेही नको. कातडी बधिर असते, भाजले तरी कळत नाही.

पावसाळ्यातला दुसरा धोका पडण्याचा. जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरते, अंगण निसरडे होते, रात्री वीज जाते. इम्प्लांटच्या लगत मांडीचे हाड मोडले तर ते जोडणे पहिल्या ऑपरेशनपेक्षा अवघड असते. पायऱ्या ब्लीचिंग पावडर टाकून घासून घ्या, झिजलेली रबरी चप्पल फेकून द्या, उशाशी टॉर्च ठेवा. साठीपुढच्या बायकांनी हाडांच्या ठिसूळपणाची तपासणी करून घ्यावी. झोपेच्या गोळ्या आणि रक्तदाबाची औषधे यांनीही तोल जातो. उठताना चक्कर येत असेल तर सांगा, डोस बदलता येतो.

दुसरा गुडघा आणि दुखण्याच्या गोळ्या

एक गुडघा बदलला की बहुतेकांचा दुसरा दुखत असतोच. त्यासाठी डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या महिनोन्‌महिने घेणारे रुग्ण माझ्याकडे किडनीचे रिपोर्ट घेऊन येतात. रक्तदाब, मधुमेह असलेल्यांनी या गोळ्या स्वतःहून घेऊच नयेत. पॅरासिटामॉल योग्य मात्रेत तुलनेने सुरक्षित आहे. पण दुखणे चालणे बंद करण्याइतके असेल, तर दुसऱ्या गुडघ्याचा निर्णय लांबवून नवा गुडघाही खराब होतो, कारण सगळा भार त्याच्यावर येतो.

कागद आणि एक्स-रे

डिस्चार्जच्या फाइलमध्ये इम्प्लांटचे स्टिकर असतात : कंपनी, आकार, क्रमांक. वीस वर्षांनी फक्त प्लास्टिक बदलायचे झाले तर सर्जन सर्वांत आधी हेच मागतो. जुलै २०२१ च्या पुरात महाडमध्ये तळमजल्यावरच्या कपाटांतली कागदपत्रे गेली, त्यात कित्येकांच्या फायली होत्या. त्या पानांचे फोटो काढून स्वतःच्या आणि मुलांच्याही मोबाइलमध्ये ठेवा. विमानतळावर यंत्र वाजेल, तिथे तेच फोटो दाखवा. एमआरआय लागला तर आधी सांगा. बहुतेक इम्प्लांटमध्ये तो करता येतो.

तपासणी पहिल्या वर्षाअखेर, मग सर्जन सांगेल त्या अंतराने, बहुतेक जण दर एक-दोन वर्षांनी बोलावतात. दहा वर्षे उलटल्यावर ती चुकवू नका. दर वेळी मुंबई गाठणे जमत नसेल तर सर्जनला विचारून एक्स-रे इथे काढून पाठवता येतो. तो उभे राहून, पायावर भार देऊन काढलेला हवा, समोरून आणि बाजूने. सोबत मागचा एक्स-रेही पाठवा. हाडातला बारीकसा फरक दोन्ही शेजारी ठेवल्यावरच दिसतो.